गाठीमागे शंभर किलो

सहदेव तायडेचं पोस्टकार्ड हातात आलं की माझं डोकं फिरायचं. मी तेव्हा नांदुऱ्याच्या पोस्टात पोस्टमन होतो आणि सकाळी टपालावर शिक्के मारायचं कामही बरेचदा माझ्याकडेच यायचं. सहदेव दर महिन्याला पिंपळगाव राजाच्या मामाला कार्ड लिहायचा. कार्डाच्या डाव्या कडेपासून सुरुवात, उजव्या कडेला शेवट, आणि मजकूर उरलाच तर तो पत्त्याच्या बाजूला वळसा घालून तिकिटापर्यंत. शिक्का कुठे मारायचा ते मलाच शोधावं लागे. एकदा तो खिडकीवर आला तेव्हा मी म्हटलं, "सहदेव, सरकारच्या शिक्क्याले तरी बोटभर जागा ठेवत जाय बे."

तो ओशाळून हसला. "भाऊ, कार्डाचे पैसे पूर्ण घेता, मंग कार्ड पूर्ण काऊन नाही वापरू?"

त्याची आई अन्नपूर्णाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामाला होती. कापसाच्या गाठींना लावायच्या चिठ्ठ्या छापताना बिघडल्या की त्या ती पदरात बांधून वडनेर भोलजीला घरी न्यायची. त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर सहदेव लिहायला शिकला. हाताच्या पंजाएवढा कागद. त्यात समास सोडला तर लिहायचं कुठं? कडेला जागा रिकामी दिसली की माय म्हणे, "हे काय कोंबड्याले ठेवलं?" त्यामुळे कडेपासून लिहिणं ही त्याची सवय नव्हती, त्याला ती शिस्तच वाटायची.

त्याची दुसरी गोष्ट अशी की तो कोणाला काही विचारत नसे. मॅट्रिकनंतर एक वर्ष तो खामगावला कॉलेजात गेला होता. तिथं गणिताच्या तासाला उभा राहून त्यानं विचारलं, "सर, मले हे समजून नाही राह्यलं." वर्ग हसला. सर पुण्याकडचे होते, तेही हसले, आणि पुढं वर्षभर पोरं त्याला 'मले' म्हणून हाक मारत राहिली. तेव्हापासून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. बसस्टँडवर सुद्धा तो पाटी वाचत उभा राहायचा, कंडक्टरला विचारायचा नाही. अकोल्याला जायचं म्हणून उलट्या दिशेच्या मलकापूरला पोचलेला माणूस मी तोच एक पाहिला. बरं, परत आल्यावरही म्हणाला, "मलकापूरचंही काम होतंच."

कॉलेज सुटलं आणि तो त्याच जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागला. प्रेसमधून गाठ निघाली की काट्यावर चढवायची आणि वजन टिपायचं, एवढं काम. हंगामात श्वास घ्यायला फुरसत नाही आणि हंगाम संपला की माश्या मारत बसायचं. अशाच एका उन्हाळ्यात, एकाहत्तर साली, त्यानं पेपरात एक जाहिरात पाहिली. मुंबईची कुठली तरी संस्था टपालानं कॉम्प्युटरचं काम शिकवणार होती. नांदुऱ्यात तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द उच्चारता येणारी माणसं चार-दोन असतील, आणि त्यांतही मी नव्हतो.

तो प्रकार त्यानं मला असा समजावून सांगितला. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर मोठं यंत्र. त्याला काय करायचं ते बारीक चौकटींच्या कागदावर इंग्रजीत लिहून पाठवायचं. मुंबईत बाया ते वाचून जाड कागदाच्या पट्ट्यांना भोकं पाडणार, पट्ट्या यंत्रात घालणार, आणि यंत्र उत्तर छापून देणार. ते छापलेले कागद टपालानं परत येणार. दुसऱ्या एका चौकटीच्या कागदावर छपाई कशी दिसायला पाहिजे, कोणता आकडा कोणत्या खान्यात पडायला पाहिजे, ते आपणच आखून द्यायचं. यंत्राला अक्कल नाही, सांगितलं तेवढंच ते करतं.

"म्हणजे आमच्या पोस्टमास्तरासारखं," मी म्हणालो.

पहिलाच अभ्यास सोपा होता. कोणत्याही वीस आकड्यांचं कोष्टक छापायचं, खाली बेरीज आणि सरासरी. पण मेख पुढं होती. दिवाळीच्या आत ज्यांचा छापील कागद बिनचूक निघेल त्यांना मुंबईला बोलावणार, तिथं राहण्या-जेवण्यापुरते पैसे देऊन पुढचं शिकवणार आणि शेवटी नोकरी. सहदेव एरवी बोलताना खाली पाहायचा. हे सांगताना तो सरळ माझ्याकडे पाहत होता. त्याला जायचं होतं. काट्यापाशी जन्म काढायचा नव्हता. अन्नपूर्णाबाईनं तर वडनेरमध्ये घरोघर सांगून टाकलं की माझा पोरगा मुंबईले मशीन चालवाले जाऊन राह्यला.

आकडे कोणते घ्यायचे याचा त्याला विचारच करावा लागला नाही. हंगामातल्या वीस गाठींची वजनं त्यानं घेतली. एकशे एकाहत्तर, एकशे अडुसष्ट, एकशे चौऱ्याहत्तर, अशी. गाठ म्हटली की वजन शे-दीडशेच्या वर आणि दोनशेच्या आतच यायचं. संस्थेनं नमुन्यादाखल एक आखलेला कागद पाठवला होता. त्यात प्रत्येक ओळीचा पहिला खाना रिकामा होता आणि आकडे दुसऱ्यापासून सुरू होत होते. सहदेवानं तो कागद मला खिडकीवर दाखवला होता.

"हे पाहा मुंबईवाल्याची ऐट," तो म्हणाला. "वीस ओळीत वीस खाने फुकट."

त्यानं आपले आकडे पहिल्या खान्यापासून मांडले. कड सोडली नाही. ते पाकीट मीच तोललं, मीच तिकिटं लावली आणि मीच मेलच्या थैलीत टाकलं.

दोनेक आठवड्यांनी उत्तर आलं. पाकीट कसलं, गठ्ठाच तो. माझ्या झोळीत मावेना म्हणून मी काखेत मारून जिनिंगमध्ये घेऊन गेलो. सगळे गोळा झाले. हेडमुनीम पंजाबराव चष्मा पुसून पुढं आले. सहदेवानं दोरा तोडला. लांबच लांब एकमेकांना जोडलेले कागद, आणि प्रत्येक कागदावर वरती फक्त एक ओळ. त्या ओळीत एकाहत्तर. पुढच्या कागदावर अडुसष्ट. त्याच्या पुढच्यावर चौऱ्याहत्तर. खाली सगळं कोरं.

पंजाबरावांनी दोन-तीन कागद उलटून पाहिले आणि म्हणाले, "सहदेव, तुह्या मुंबईच्या मशीननं गाठीमागं शंभर किलो कापूस खाल्ला की रे! इथं कोणी पाच किलो खाल्ला तं आम्ही त्याले पोलिसात देतो."

हमाल सुद्धा हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. कागदाच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं इंग्रजीत एक शेरा होता. सहदेवानं तो वाचून सांगितला. मांडणी तपासा. बस्स, एवढंच.

सहदेवाला हसण्याचं फार लागलं नाही. त्याला कागदाचं लागलं. एका ओळीसाठी एवढा कागद आपल्या हातून नासला म्हणून तो बराच वेळ ती पानं सारखी करत बसला. अन्नपूर्णाबाईला मात्र तो गठ्ठा पाहून आनंद झाला. "एवढा कोरा कागद पाठवला त्यायनं," ती म्हणाली, "अन् तू म्हणतं चुकलं म्हणून?"

त्यानं डोकं चालवलं. त्याला वाटलं, भोकं पाडणाऱ्या बाईला आपला इंग्रजी एक वाचता आला नसणार. सूचनांत तसं लिहिलंही होतं की एकचा आकडा आणि आय हे अक्षर वेगळं दिसलं पाहिजे. त्यानं सगळं पुन्हा लिहिलं, प्रत्येक एक खांबासारखा ठळक. पाकीट गेलं. गठ्ठा परत आला. तेच एकाहत्तर, तेच अडुसष्ट, तोच तांबडा शेरा.

आता मला छपाईची मांडणी आखून पाठवायच्या त्या कागदाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याच्या तळाशी एक मोठी चौकट छापलेली होती आणि तिच्यावर शब्द होता, शंका. म्हणजे विद्यार्थ्याला काही अडलं तर तिथं लिहावं आणि शिकवणाऱ्यानं उत्तर द्यावं. जो माणूस पोस्टकार्डावर शिक्क्याला जागा ठेवत नव्हता, त्यानं ती चौकट दोन्ही वेळा कोरी पाठवली होती.

तिसरं पाकीट घेऊन तो आला तेव्हा मी ते त्याच्यासमोर उघडं करून पाहिलं. नियमात बसत नव्हतं, पण पाकीट बुकपोस्टाचं, ते चिकटवायचंच नसतं. चौकट कोरी.

"हे काय?" मी म्हटलं. "इथं लिही ना, की माझे शंभर कुठं चालले म्हणून."

"नाही भाऊ."

"काऊन नाही?"

"इचारलं तं ते म्हणतीन, याले काहीच येत नाही. मंग बोलावतीन कायले? अन् माझं इंग्रजी कसं हाये, तुमाले काय सांगू."

"मग मराठीत लिही!"

"मराठीत?" तो कसनुसा हसला. "मले-तुले लिहू काय तिथं?"

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडलो. अरे, ती चौकट त्यांनी काय शोभेला छापली आहे का, विचारायला पैसे पडतात का, तू कोण मोठा लागून गेलास न विचारता समजणारा, असं मी पोस्टाच्या खिडकीत उभा राहून बोललो. मनीऑर्डरच्या रांगेतल्या बाया मागे सरकल्या. पोस्टमास्तर आपल्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी मला समज दिली. सहदेव मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तिकिटं लावा." मी लावली.

त्या वेळी त्यानं युक्ती केली होती. यंत्र पुढचा एक खातं ना, मग त्याला खायला आणखी एक द्यायचा. प्रत्येक वजनाच्या आधी त्यानं एक जादा एक घातला. आणि काय सांगू, ती युक्ती निम्मी लागू पडली! परत आलेल्या कागदांवर एकशे एकाहत्तर, एकशे अडुसष्ट, सगळे आकडे पूर्ण. पण कागद तेवढेच. अजूनही एका पानावर एकच ओळ. कोष्टक कुठंच नाही. तांबडी पेन्सिल म्हणाली, मांडणी तपासा.

पंजाबरावांनी मात्र कबूल केलं की कापूस परत आला. "आता कागद खाऊन राह्यलं तुहं मशीन," ते म्हणाले.

दिवाळी जवळ आली. आता एकच फेरी होण्यासारखी होती. सहदेव त्या दिवसांत वाळला. जेवायला बसला तरी बोटानं ताटाच्या कडेवर खाने मोजत असायचा, असं त्याची आई मला सांगत होती. शेवटी त्याच्या मनानं घेतलं की खोट वजनांतच आहे. एकानं सुरू होणाऱ्या आकड्यांनीच पानं उलटतात, तर तसा आकडाच घ्यायचा नाही. हे त्यानं कोणाला न विचारता स्वतःच्या डोक्यानं शोधलं होतं आणि ते अगदी खरं होतं. त्यानं वजनं टाकून दिली आणि रोज किती गाठी बांधल्या ते आकडे घेतले. बेचाळीस, सदतीस, छप्पन्न. जादा आकड्याची युक्ती आता नको म्हणून तीही काढून टाकली. पुन्हा पहिल्या खान्यापासून, कडेला चिकटून, सगळं मांडलं. आणि शंकेची चौकट कोरी.

उत्तर आलं ते साधं पाकीट होतं, बारकंसं. मला ते थैलीत सापडलं तेव्हा मी उडालोच. पातळ पाकीट म्हणजे एका पानावर सगळं आलं! त्या दिवशी मी बाकीचं टपाल बाजूला ठेवलं आणि आधी जिनिंग गाठलं. लांबूनच पाकीट हलवून दाखवलं. सहदेव काट्यावरून उडी मारून आला. हमाल, पंजाबराव, पल्याडच्या शेडमधून कापसाचा फुफाटा अंगावर घेऊन अन्नपूर्णाबाई, सगळे आले. सहदेवाच्या तोंडावर तसं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढंही पाहिलं नाही.

आत एकच कागद होता. सगळ्या ओळी एकाखाली एक, सरळ, सुरेख. दोन, सात, सहा. बेचाळीसमधले चाळीस नाहीत, सदतीसमधले तीस नाहीत. पहिला आकडा प्रत्येक ओळीतून गेलेला. सोबत एक छापील चिठ्ठी होती. आपण भाग घेतलात त्याबद्दल आभार.

पंजाबरावांनी या वेळी नुसता चष्मा पुसला. अन्नपूर्णाबाईला वाचता येत नव्हतं. ती कागदाकडे पाहून म्हणाली, "किती नीट छापलं हाये! कधी जायचं हाये मग?" सहदेव म्हणाला, "पाहू," आणि काट्यावर परत गेला. मी टपालाची झोळी उचलली. त्या दिवशी राहिलेलं सगळं वाटून होईस्तोवर मला फार उशीर झाला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. सहदेवाचं लग्न झालं, सिंधू नावाची चांगली समजूतदार बायको मिळाली. पंजाबराव म्हातारे होऊन घरी बसले तेव्हा त्यांच्या जागी तो बसला. त्याचं अक्षर, त्याचा हिशेब याला सगळं नांदुरा नावाजत होतं. कॉम्प्युटरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. फक्त ते गठ्ठे त्यानं फेकले नाहीत. एवढा कोरा कागद घरात असून पोरीच्या अभ्यासालाही त्यातलं पान दिलं नाही. सिंधूबाई माझ्यापाशी कुरकुरायची, "भाऊ, त्या कागदात काय ठेवलं हाये, समजत नाही." मी म्हणायचो, कापूस ठेवला आहे.

आठेक वर्षं गेली असतील. नांदुऱ्याच्या एका बँकेत नवे साहेब बदलून आले. मुंबईचे होते, बोलायला मोकळे. रजिस्टर पत्र द्यायला मी गेलो की चहा पाजायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, पूर्वी ते कॉम्प्युटरच्याच कामात होते, नव्या पोरांना शिकवायचे. मी तिथल्या तिथं म्हटलं, साहेब, तुम्हाला एक माणूस दाखवतो. सहदेव आला नसताच, पण मी बँकेचं काम आहे म्हणून त्याला आणलं, आणि एका गठ्ठ्यातली दोन पानं त्याच्या बायकोकडून आधीच मागून ठेवली होती. माझ्या मनात एवढंच होतं की एकदाचा उलगडा व्हावा. शंभर किलो गेले कुठं, हे मलाही जाणून घ्यायचं होतं.

साहेबांनी पानं पाहिली आणि दिलखुलास हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. "अहो, हे तर सगळ्यांचं होतं," ते म्हणाले. "त्या यंत्रात ओळीचा पहिला खाना छापण्यासाठी नसतोच. तो छापणाऱ्या यंत्रासाठी हुकूम असतो. तिथं एक आला की ते नवीन पान घेतं. तिथं काहीही असलं तरी ते छापत नाही, गिळून टाकतं. म्हणून पहिला खाना रिकामा सोडायचा."

"रिकामा," सहदेव म्हणाला.

"हो, बाकी काही नाही. एक जागा सोडली असती तर झालं असतं. तुमची बाकी सगळी रचना तर अगदी बरोबर दिसते आहे." त्यांनी पानं परत केली. "पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं हेच. मग सगळे विचारतात आणि आम्ही सांगतो. आम्ही तर वाटच पाहायचो, आता कोण विचारतो म्हणून."

सहदेवानं पानांची घडी घातली. साहेबांना नमस्कार केला. चहा अर्धा ठेवून आम्ही बाहेर पडलो.

उन्हाचं आम्ही दोघे स्टेशनच्या रस्त्यानं चालत होतो. मला स्वतःचा राग येत होता की कशाला याला इथं आणलं, बरा होता आपल्या न कळण्यात. जिनिंगचं फाटक आलं तरी तो आत गेला नाही. तिथंच उभा राहिला.

"मोतीरामभाऊ," तो म्हणाला, "जागा सोडाची तिथं म्या भरलं. अन् लिवाची तिथं कोरं ठेवलं."

मी त्याच्यासाठी फाटक लोटलं.

"तुमी म्हणले होते ना तवा, की लिही म्हणून?"

"म्हटलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते त्याचे. एवढा मोठा, हेडमुनीम झालेला माणूस, लहान पोरासारखा तक्रार करत म्हणाला, "मंग जोरात काऊन नाही म्हणले, भाऊ?"

त्या दिवशीची मनीऑर्डरची रांग माझ्या डोळ्यांसमोर आली. मागे सरकलेल्या बाया, खोलीतून धावत बाहेर आलेले पोस्टमास्तर. माझा स्वभाव कसा आहे ते गावाला माहीत आहे. उलट उत्तर तोंडात आलं की मी ते बापासमोरही गिळत नाही.

"हाव रे," मी म्हणालो. "चुकलंच माझं. जोरात म्हणायले पाह्यजे होतं."